चार बोटं पुढं

“मग इथं कापू किती, वस्ताद?”

“गंज संपेल तिथून चार बोटं पुढं.”

“पुढं तर चांगला पत्रा आहे.”

“म्हणून तर.”

सर्जेराव गाडीच्या पोटात उकिडवा बसला होता. हातात ग्राइंडर, भुवयांवर गंजाची भुकटी. गाडी म्हणजे जुनी डुक्कर फियाट, वयानं त्याच्या आईहून मोठी. सीटा काढून भिंतीशी उभ्या केलेल्या. तळाचा पत्रा इतका खाल्लेला, की खालची जमीन दिसायची.

शेडाच्या दाराशी बाजल्यावर इलाही वस्ताद बसले होते. गाड्यांचे पत्रे ठोकण्यात हयात गेलेला माणूस. सर्जेरावाचा थोरला भाऊ विलास त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकला. सर्जेरावही एकदा गेला होता. तिसऱ्या दिवशी वस्ताद म्हणाले, हातोडी नीट धर. त्यानं हातोडी टाकली आणि सरळ घर गाठलं. शाळेलाही सातवीत असाच रामराम ठोकलेला.

आठ महिन्यांमागं विलास काविळीनं गेला. चौदा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. गाडी अर्धी उघडी तशीच राहिली.

त्या दिवसापासून आईनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मामा न्यायला आला, रिकामा परत गेला. ती एकच सांगायची, विलासनं शब्द दिलाय, माहेरच्या जत्रेला याच गाडीतनं नेतो म्हणून. माहेर घाटाखाली. जत्रा सहा दिवसांवर आलेली.

बाराव्याचं जेवण उरकल्यावर सर्जेरावानं गाडीच्या टपावर हात ठेवून मनाशी पक्कं केलं होतं, ही गाडी घाट उतरणार. वेल्डिंग तो एकट्यानं शिकला. बोटं भाजली, डोळे सुजले, पण कुणाला विचारलं नाही. वस्तादांकडं गेला तोही अगदी शेवटी, आणि तेव्हाही म्हणाला, शिकवू नका, नुसतं बघायला या.

वस्ताद आले. छोट्या हातोडीनं पत्रा ठोकत गेले. सर्जेरावानं जिथं गंजावरच लाल रंग फासून वेळ मारून नेली होती, तिथं तिथं हातोडी बद्द वाजली. वस्ताद खडूनं फुल्या मारत गेले. बारा फुल्या झाल्या.

अकरा जागा त्यानं दोन दिवसांत कापल्या, नवा पत्रा बसवला. आता बारावी उरली होती. पुढची, डावीकडची.

“चार बोटं पुढं गेलं की दादाचा तुकडा लागतो,” सर्जेराव म्हणाला.

“लागू दे.”

“त्याला मी हात लावणार नाही.”

…

तो वीतभर तुकडा म्हणजे विलासचं शेवटचं काम. मुंग्यांची रांग चालावी तसे एकसारखे टाके. सर्जेराव रोज सकाळी कामाला लागण्याआधी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवायचा. तुकडा चांगला होता, पण ज्या जुन्या पत्र्याला तो जोडलेला, तो आतून सडत आला होता. अंगात ताप असताना विलासनं तो घाईनं बसवला होता, हे वस्तादांना आणि सर्जेरावाला, दोघांनाही ठाऊक होतं.

मग सर्जेरावाचा बांध फुटला. तो नाही नाही ते बोलला. तुम्हाला काय, तुमच्या लेखी नुसता पत्रा. नऊ वर्षं राबवून घेतलं, आणि आता त्याच्या हातचं एवढंसं उरलंय, तेही भंगारात घालायला निघालात. वरून पत्र्याची जाडसर चादर ठोकतो, कुणाच्या बापाला कळणार नाही.

वस्ताद नखातला गंज काडीनं काढत राहिले. तो दमल्यावर त्यांनी विचारलं, “आई कुठं बसणार?”

“इथंच. डावीकडं.”

“तिचे पाय कुठं येणार?”

सर्जेरावाची नजर तुकड्यावर गेली.

“बरं,” वस्ताद म्हणाले. “त्या तुकड्यावर उभा राहा.”

तो टपाखाली वाकून, दाराची चौकट धरून उभा राहिला. तुकड्यानं त्याला पेललं. त्यानं वस्तादांकडं असं पाहिलं, जणू कुस्तीच मारली.

“आता टाच आपट.”

“काय?”

“टाच. जोरात.”

सर्जेरावानं उजवा पाय उचलला. हा तोच गडी, ज्यानं पैज लागली म्हणून विहिरीच्या काठावरून उलटी उडी मारली होती, खोली किती ते न विचारता. पाय वर तसाच राहिला… मग त्यानं तो हळूच खाली टेकवला, झोपलेल्या माणसाच्या कुशीला टेकवावा तसा.

वस्ताद उठले. रांजणातलं पाणी घेऊन बाहेर जाऊन हात धुतले, चूळ भरली, आणि मागं न बघता घरी गेले.

…

संध्याकाळी त्यानं ग्राइंडर सुरू केला.

गंज संपला तिथं थांबला. मग चार बोटं टेकवून माप घेतलं आणि पुढं गेला. ठिणग्या छातीवर येत होत्या, तो बाजूला झाला नाही. शेवटचा कोपरा सुटल्यावर तुकडा जमिनीवर पडला. त्यानं तो उचलून मांडीवर घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच बसून राहिला.

मग उठून नवा पत्रा मापला.

…

सकाळी वस्ताद आले, तर सर्जेराव एका चाकाशी आडवा पडून चडफडत होता. ब्रेकचे सिलेंडर नवे, लायनर नवे, पण नळ्यांत हवा भरलेली, त्यामुळं पेडल लोण्यात रुतावं तसं खाली जायचं. हवा काढायचं काम दोघांचं. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल सैल करून हवा सोडायची, निपल परत आवळायचा, मग आतल्यानं पाय उचलायचा. सर्जेरावानं पेडलवर धोंडा ठेवला होता.

“दाब म्हटल्यावर हा दाबेल,” वस्ताद धोंड्याकडं बघत म्हणाले. “सोड म्हटल्यावर सोडतो का?”

सर्जेरावानं मान वळवली. मग तुटक तुटक सांगितलं, की लहानपणापासून पेडल त्याचं, चाक दादाचं. खालनं दादानं दाब म्हणायचं आणि वरनं यानं दाबायचं. त्या जागेवर तो दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. तुम्हालासुद्धा नाही.

“मला कोण बसायला सांगतंय? माझा गुडघा वाकत नाही,” वस्ताद म्हणाले, आणि घराकडं तोंड करून त्यांनी हाक दिली. “आक्का, पाट घेऊन या जरा.”

आई पाट घेऊन मागच्या दाराशी आली. पाट असा दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी पुढं धरलेला. वस्तादांनी घ्यायला हात पुढं केला नाही.

“सर्जाला पेडल दाबायला माणूस नाही, आक्का.”

ती उंबऱ्याशी थांबली. शेडाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. चाकाशी पडलेल्या लेकाचे फक्त पाय दिसत होते…

मग तिनं पाट काखोटीला मारला आणि उंबरा ओलांडला.

उजवीकडचं दार गंजून बसलेलं, म्हणून ती डावीकडून चढली. रात्री बसवलेल्या पत्र्यावर सगळा भार देऊन ती पलीकडं गेली. खाली बघितलंही नाही. धोंडा उचलून बाहेर ठेवला, पाट टाकला, बसली. पेडल कुठलं, एवढं तेवढं विचारून घेतलं.

सर्जेरावानं निपलची नळी ऑइलच्या बाटलीत सोडून पाना लावला. आता ‘दाब’ त्यानं म्हणायचं होतं. हा शब्द त्यानं आजवर फक्त ऐकला होता.

“आई…”

“सांग की.”

“दाब.”

तिनं दाबलं. बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडबुडे आले.

“सोड.”

चारही चाकं झाली, एकेकाला पाच-सहा खेपा. तिसऱ्या चाकाला आई म्हणाली, अरे, जरा मोठ्यानं बोल, विलासचा आवाज कसा पार स्वयंपाकघरात यायचा. सर्जेराव मोठ्यानं बोलायला लागला. शेवटच्या चाकाला तिनं पेडल दाबलं आणि म्हणाली, “आता हे खाली जाईनाच रे.”

तिला कुणी उतर म्हटलं नाही. तीही उतरली नाही.

सर्जेराव बाहेर आला. पाठ ऑइलनं माखलेली. डावीकडं जाऊन त्यानं नव्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, एकसारखे पडले होते.

“वस्ताद, खरं सांगा. दादाच्या तोडीचं झालंय का?”

वस्तादांनी वाकून टाके पाहिले. दोन्ही टोकांपर्यंत पाहिले. मग चपला पायात सरकवल्या.

“तुझ्यानंतर जो हे कापेल, त्याला विचार.”