राजाच्या तोंडचे उत्तर

जर्मनांचा राजा लुडोल्फ आपल्या राज्यातील बिशप स्वतः नेमू लागला, म्हणून रोमच्या पोपने त्याला बहिष्कृत केले. त्याच्याशी जो बोलेल तोही बहिष्कृत, असा हुकूम सुटला. सूट होती ती केवळ पत्नीला. सरदारांनी भीतीने अबोला धरला आणि अखेर एके दिवशी सूर्यास्तानंतर दुसरा राजा निवडायचे ठरवले. राणी इर्मगार्डला पतीचे सिंहासन डोळ्यांदेखत जाताना दिसत होते.

त्याच दुपारी पोपचा दूत ओत्ताविओ याने भरदरबारात खलिता वाचला आणि तोऱ्यात विचारले, "शरण येतोस की नाही? तुझ्याच तोंडचे उत्तर नेण्याची मला आज्ञा आहे."

राजा तोंड उघडणार, तोच राणीने त्याचा हात दाबला.

"थांबावे, महाराज. आतापर्यंत दूतमहाशयांनी फक्त पोपचा निरोप सांगितला. आपण उत्तर दिलेत की ते आपल्याशी बोलले असे होईल आणि तेही बहिष्कृत होतील. मग रोमला जाऊन ते पोपशी बोलतील. त्यानंतर पोपमहाराजांना बहिष्कृत कोणी करायचे?"

सरदारांत खसखस पिकली. रिकाम्या हाताने परतण्याची दूताची छाती नव्हती. तो लालबुंद होऊन ओरडला, "पोपच्या वतीने मी जाहीर करतो, राजाशी बोलण्यात दोष नाही!"

वृद्ध सरदार गेभार्ड तत्काळ पुढे सरसावला. "महाराज, महिनाभर बोलायचे राहून गेले. प्रकृती कशी आहे?"

"उत्तम," राजा म्हणाला. मग तो दूताकडे वळला. "आपले उत्तर आता न्यावे. नाही."