परसूच्या बँडचं भांडवल

बोरथडी नावाच्या गावात एक भोळा बँडवाला होता. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण बँड एकट्या परसूकडेच होता. आठ वाजवणारे आणि आठ वाद्यं: ढोल, ताशा, झांज, दोन ट्रम्पेट, एक क्लॅरनेट, एक भलामोठा भोंगा आणि एक खुळखुळा. परसू सगळ्यांच्या पुढे छडी फिरवत चालायचा. हा बँड त्याला बापाने दिला होता. अक्कल द्यायची मात्र बापाकडून राहून गेली होती.

बँड काही चालत नव्हता. घर चालायचं ते परसूच्या बायकोच्या, अनुसाच्या म्हशीवर. म्हैस दिवसाला बारा लिटर दूध द्यायची आणि त्यावर परसू, अनुसा आणि चहाला येणारे आठही वाजवणारे जगायचे. लग्नाचा मोसम लागला तशी अनुसा म्हणाली, "आता लई झालं. ह्या मोसमात बँडनं सोताचं पोट भरलं तर भरलं. न्हाईतर बँड इकायचा आन् म्हस ठेवायची."

परसूच्या डोळ्यांत पाणीच आलं. बापाचा बँड विकायचा म्हणजे काय! तो उठला आणि तडक कुलथे गुरुजींकडे गेला. गुरुजींनी तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं कॉमर्स शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे परसूला पाहून ते फारच खूश झाले.

"हे बघ परसू," गुरुजी म्हणाले, "बँड म्हणजे तुझं भांडवल. तुझं मुद्दल. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही. त्यातून जे येईल तेवढंच खायचं. समजलं?"

"समजलं, गुर्जी."

आणि त्याला खरंच समजलं होतं. अडचण तीच होती.

सोमवारी वडनेरला लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसला. बँड पुढे येऊन उभा राहिला. आठही जणांनी वाद्यं समोर जमिनीवर मांडली आणि हात मागे बांधले. नवरदेवाचा बाप वाट बघून बघून कंटाळला.

"अरे, वाजवा की!"

"न्हाई जी," परसू म्हणाला. "मुद्दल हाय. हात लावायचा न्हाई."

"मग आलात कशाला?"

"जे येईल तेवढं खायला."

त्यांना पहिल्याच जिलबीवरून उठवलं.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, वाद्यं वाजवायचीच! ती मोडून खायची नाहीत, एवढाच अर्थ. तुझं दुखणं दुसरंच आहे. तू सगळा बँड एकाच लग्नाला नेतोस. ते फिसकटलं की दिवस बुडाला. जोखीम वाटून टाकावी. आपलं सगळं एका ठिकाणी ठेवू नये. समजलं?"

"समजलं, गुर्जी. मागल्या टायमाला चुकलंच."

गुरुवारी मोठी तिथ होती. परसूने आठ गावांच्या आठ सुपाऱ्या घेतल्या आणि आठ जणांना आठ गावांत पाठवलं. ढोलवाला एकटाच तळेवाडीत शिरला, तर लोकांना वाटलं दवंडी आली. सगळे चावडीपुढे जमले आणि ग्रामसभा आहे म्हणून खाली बसले. भोंगेवाल्याने पिंपरीत नुसतंच भों भों केलं, तर तिथल्या गाई गोठ्याकडे परत फिरल्या. खुळखुळा गेला होता जांभुळणीच्या सरपंचाकडे. सरपंचाचा पोरगा फेटा बांधून घोड्यावर बसलेला आणि पुढे एकटा गणपा खुळखुळा वाजवत चाललेला. घोड्याला डुलकी लागली. एका म्हातारीने तर दारातून विचारलं, "बारसं कुनाचं हाय रं?"

सरपंचाने एक छदाम दिला नाही. बाकी सातांनीही दिला नाही.

"सारखीच वाटली हुती बगा जोखीम," परसू गुरुजींना म्हणाला. "आठी ठिकानी मार पडला."

गुरुजींनी पुन्हा कपाळाला हात लावला. पण तीस वर्षांची सवय, ती काही गप्प बसू देईना. "ते सोड. तू पैसे कधी घेतोस?"

"लगीन झाल्यावर. कदी कदी दिवाळीला."

"तिथेच चुकतं! आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो. तो आज हातात आला तर आजच कामाला लावता येतो. म्हणून जे आज होण्यासारखं आहे ते उद्यावर ढकलायचं नाही. समजलं?"

परसूला समजलं. शनिवारी माळेगावात लग्न होतं, म्हणून तो शुक्रवारीच गेला. मांडवाला अजून खड्डे खणत होते. नवरदेव कटिंगला गेला होता. परसूने छडी फिरवली आणि बँड असा वाजला की खड्डे खणणाऱ्यांनीही पहारी टाकून ताल धरला. संपूर्ण वरात झाली. फक्त तिच्यात नवरदेव नव्हता, घोडा नव्हता आणि वऱ्हाडही नव्हतं. शनिवारी खरी वरात निघाली तेव्हा बँड मांडवाच्या मागे घोरत पडला होता.

"उठा की रं!" नवरीचा मामा ओरडला.

"मामा, कालच वाजवला की," परसू डोळे चोळत म्हणाला. "आन् कालचं वाजवनं आजच्यापरास मोठं असतंय. जरा जास्तीच द्या."

मामाने जे दिलं ते अनुसाला हळद लावून शेकावं लागलं.

आता मोसमातली एकच मोठी तिथ उरली होती. त्या दिवशी खुद्द गुरुजींच्या मुलाचं लग्न होतं. अनुसा पदर खोचून गुरुजींच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. "गुर्जी, तुमच्या शिकवनीनं आमचा मोसम गेला. ही सुपारी आमाला द्या. न्हाईतर उद्या बँड मोडीत जातुया."

गुरुजी वरमले. त्यांनी सात हजारांची सुपारी दिली, तीही आगाऊ. मग परसूला जवळ बोलावून म्हणाले, "आता मी तुला काही म्हणजे काही शिकवणार नाही. तू फक्त वाजव."

"समजलं, गुर्जी."

लग्नाच्या दिवशी वरात मारुतीच्या देवळातून निघायची होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. परसू खांबामागे ताशाची दोरी ताणत बसला होता. खांबाच्या पुढे गुरुजींचे व्याही त्यांना विचारत होते, "शेअरबाजारात पैसे घालावेत म्हणतो. नेमके केव्हा घालावेत?"

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "लोक घाबरून पळायला लागले की घ्यायचं. आणि सगळे बेभान झाले, शहाणी माणसंसुद्धा नाचायला लागली, की विकून मोकळं व्हायचं."

परसूने दोरी गच्च ओढली.

वरात निघाली. आणि त्या दिवशी बँड काय वाजला म्हणून सांगू! आठही जण एका ठिकाणी, योग्य दिवशी आणि हात लावून वाजवत होते. पोरं नाचली. बाया नाचल्या. व्याही नाचले. चौकात येईतो कुलथे गुरुजींनी टोपी खिशात कोंबली आणि दोन्ही हात वर करून तेही नाचायला लागले.

शहाणं माणूस नाचतंय हे पाहिल्याबरोबर परसूने छडी काखेत मारली. पाहुण्यांत शेजारच्या गावचा बँडवाला रंगराव डोईफोडे होता.

"रंगराव, बँड घ्येता का?"

रंगरावही बेभान झाला होता. त्याने खिशातले पंधरा हजार काढून तिथेच मोजले. बँड थांबला. रंगरावच्या माणसांनी वाद्यं गोळा केली.

गुरुजींचे हात वरच राहिले. "परसू, वाजवणं का थांबलं?"

"इकला, गुर्जी. चढ्या भावात!"

घड्याळात बारा वीस झाले होते. घोडा बिचकला. नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला. बाया म्हणाल्या, वाजंत्रीशिवाय वरात नेणं अपशकुन आहे. व्याही म्हणाले, मुहूर्त टळला तर लग्न मोडलं समजा. गुरुजींना दरदरून घाम फुटला आणि निम्मी माणसं भटजींना धरून ठेवायला मांडवाकडे पळाली.

परसू सगळं नीट बघत होता.

"गुर्जी, भ्यालात व्हय?"

"अरे, म्हणजे काय!"

"मग घ्यायची हीच येळ," परसू म्हणाला आणि रंगरावकडे वळला. रंगरावलाही घड्याळ कळत होतं. त्याने तीस हजार सांगितले. परसूने त्याचे पंधरा त्याला परत दिले, वर सुपारीचे सात दिले. उरलेल्या आठाचीही परसूने तिथल्या तिथे सोय केली. बँड पुन्हा वाजला, वरात पळतच मांडवात पोचली आणि अक्षता बारा पस्तीसलाच पडल्या.

संध्याकाळी परसू छडी फिरवत घरी आला. अनुसा बादली घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती.

"अनुसे, बँड ऱ्हायला बग! खुळखुळासुदीक कमी न्हाई. मुद्दल जसंच्या तसं!"

"म्हस कुटं हाय?"

"आट हजार कमी पडत हुतं."

"म्हस कुटं हाय, म्हनते मी!"

"डोईफोड्याच्या गोठ्यात."

साठ हजारांची म्हैस! अनुसा मटकन खाली बसली. बादली घरंगळत अंगणात गेली. परसूला तिची दया आली. तो शेजारी बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "अगं, आपलं समदंच एका गावात हुतं. गुर्जी म्हनत्यात, तसं ठिवू ने. आता बँड हितं हाय आन् म्हस तिकडं. एक बुडालं तरी दुसरं हाय की!"