एकदाच द्यायची हाक

“एवढ्या हाका मारल्या, बाबा. एकदाही ओ दिली नाहीत?”

गुहेत शिरलेल्या माणसाने विचारलं. उगमनाथबाबा धुनीतलं लाकूड पुढे सारत राहिले.

हाका खरंच फार झाल्या होत्या. आमच्या गुहेचं तोंड बुटकं, वाकून आत यावं लागतं. रीत अशी, की आलेल्याने बाहेर उभं राहून एकदाच ‘आदेश’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. आतून ‘आदेश’ आला की मग वाकायचं. नाथांच्या ठिकाणी हीच पद्धत. मी बाबांचा चेला, बाहेर दगडावर भांडी घासत होतो. सांगितलंही त्याला, “अहो साहेब, एकदा म्हणा आणि थांबा की जरा.” पण ऐकेल तर शपथ! आदेश, आदेश, बाबा आहात का, आदेश… गुहा नुसती घुमत होती. शेवटी तसाच आत घुसला. असला संताप आला मला!

आत जाऊन त्याचा चेहरा बघितला आणि राग गिळला. खालच्या कोंडवाडीतला हेरंब दळवी होता तो. लहानपणी धाकट्या भावाला घेऊन इथे यायचा. आता मुंबईला मोबाइल कंपनीत मोठा इंजिनिअर. भाद्रपदात वाडीवर दरड आली आणि तो धाकटा, मोरेश्वर, तिच्याखाली गेला. आज त्याचं महिन्याचं श्राद्ध. आई खाली घरी वाट बघत होती, आणि हा तिच्याकडे न जाता आधी डोंगर चढून वर आला होता.

“आई एकच विचारते,” हेरंब म्हणाला. “सगळ्यांचे फोन तुझ्या हातात ना रे? मग माझ्या मोऱ्याचा का लागला नाही?… काय सांगू तिला?”

बाबांनी बोलायला तोंड उघडलं.

“तिला वाटतं फोन म्हणजे नळाचं पाणी,” हेरंबच पुढे म्हणाला. “तसं नसतं, बाबा. हवेत जागा थोडी असते. आम्ही तिला स्पेक्ट्रम म्हणतो. ती काही वाढत नाही, आणि माणसं लाखांनी. मग आम्ही तिचे तुकडे करतो. वेळेचेसुद्धा. एक फोन बोलतो तेव्हा दुसरा थांबतो, पण इतकं थोडं, की थांबलो हे त्याला कळतही नाही. टॉवरजवळच्याला हळू बोलायला लावतो, लांबच्याला जोर देतो. इथे वापरलेली जागा डोंगरांपलीकडे पुन्हा वापरतो. कोणाला पत्ता नसतो, पण सगळे वाटून घेत असतात. हे वाटप मी करतो. मी!”

भाऊ गेलेला माणूस, पण कामाचं सांगताना मान ताठ झालीच.

“म्हणजे बाकीचे गप्प बसतात, म्हणून एकाचं ऐकू येतं,” बाबा म्हणाले.

“हो… साध्या भाषेत तसंच.”

“आणि त्या दुपारी?”

“त्या दुपारी कोणी गप्प बसेना. वाडीसमोरचा एकच टॉवर उभा होता, तोही बॅटरीवर. टीव्हीवर दरडीची बातमी आली आणि मुंबई, पुणे, सुरत, जिथे जिथे आमची माणसं आहेत, ती सगळी एकदम वाडीत फोन लावायला लागली. बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्या टॉवरची थोडी जागा खातो. आतल्याला बाहेर बोलायला जागाच उरेना.”

“अशा वेळी काय करता तुम्ही?”

“बाहेरचे अडवतो. जागा आतल्यांना सोडायची. तशी पद्धतच आहे.”

“कोण अडवतं?”

…

धुनीत ओलं लाकूड चरचरलं. मी चहाचा पेला हेरंबपुढे ठेवला. त्याने बघितलंही नाही.

“मी,” तो म्हणाला. “माझ्याच हातात होतं. हाताखालचे लोक विचारत होते, सर, अडवू या का? मी म्हटलं, थांबा जरा.”

“का?”

“अडवले असते तर माझाही अडला असता ना, बाबा! मी मोऱ्याला लावत होतो. सारखा. एक तुटला की दुसरा. मला त्याचा आवाज ऐकायचा होता हो!”

“आणि मोरेश्वर काय करत होता?”

हे बाबांनी विचारायला नको होतं, असं मला वाटलं.

“तो… मला लावत होता.”

हेरंबने चहाचा पेला बाजूला सारला.

“गोठ्याच्या भिंतीआड अडकला होता. जिवंत होता, बाबा. लोक घराच्या पडलेल्या बाजूलाच उकरत राहिले. सापडला तेव्हा फोन मुठीत होता. त्यात सगळं माझंच नाव. गोठ्यात आहे, एवढंच सांगायचं होतं त्याला. दोन शब्द.”

मी पंच्याने तोंड पुसलं. मोऱ्या माझ्या हातचा चहा मागून मागून प्यायचा. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

“पण माझ्या एकट्याच्या फोनने टॉवर भरतो का?” हेरंबचा आवाज चढला. “सगळेच लावत होते! बॅटरी उतरत होती! दैव म्हणायचं, दुसरं काय? बाबा, आईला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते. दैव होतं म्हणा. नाहीतर मी काय सांगू तिला, कसं सांगू, मी तर…”

बाबांनी राखेने भरलेला हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

तो बोलायचा थांबला. हात तिथेच राहिला.

…

गुहेच्या मागच्या अंगाला पाणी ठिबकतं. बारा महिने ठिबकतं, पण आज सकाळपासून मला ते ऐकूच आलं नव्हतं. आता ऐकू आलं. खालच्या वाटेने कोणीतरी गुरांना हाकारत होतं, तेही आलं.

बाबांनी हात काढला. हेरंबच्या ओठांवर राख राहिली. त्याने ती पुसली नाही. उठला, गुहेच्या तोंडाशी गेला, बाहेर पडायला वाकला आणि वाकलेला तसाच राहिला. खाली वाडी दिसत होती, दळव्यांच्या अंगणात माणसं जमली होती.

“बाबा…” तो अगदी हळू म्हणाला. “मघाशी ओ का नाही दिलीत?”

“दिली होती,” बाबा म्हणाले. “पहिल्याच हाकेला.”