कणकेच्या हाताचे माप

एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कोणी वांगे सोडते, कोणी कांदालसूण सोडते, कोणी एकभुक्त राहते. मी देवापुढे निरांजन लावून म्हटले, "या चार महिन्यांत कोणाही लेकीबाळीचा हात ओढून 'बघू, बघू, अंगठी केवढ्याची?' असे विचारणार नाही. आधी तिच्या तोंडाकडे पाहीन."

शेजारच्या मंदाकिनीबाई हसून म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा वांगं सोडा. ते जमेल तुम्हाला."

खरे सांगते, वांगे सोपे होते. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या कितीतरी मुलींची लग्ने ठरली होती आणि श्रावणातल्या हळदीकुंकवाला सगळ्या नव्या अंगठ्या घालून येत होत्या. पण देवाच्या कृपेने नेम पार पडला. उद्यापनाला जमलेल्या बायकांना मी एक दृष्टांत सांगितला. तोच आज तुमच्यासाठी लिहिते.

नदीकाठच्या एका पेठेत एक वृद्ध सोनार राहत असे. त्याचे हात थरथरू लागले होते, नजर मात्र अजून शाबूत होती. त्याच्यापाशी एक तरुण शिष्य काम शिकला होता. बोलणे थोडे, हात नेटका. आईवडील दोघेही गेलेले. त्यांच्यामागे त्याच्याकडे उरली होती ती वडिलांच्या अवजारांची पेटी, आणि त्याच पेटीत चिंधीत बांधून ठेवलेली आईच्या कानातली एक कुडी. जोडीतली दुसरी केव्हाच हरवली होती.

या शिष्याचे लग्न शेजारच्या गावातल्या कावेरीशी ठरले. कावेरी लहान असतानाच तिचे वडील वारले होते. मायलेकींना आधार दिला तो मामाने. मामा मोठा धान्यव्यापारी. मनाने वाईट नव्हता, पण टपोऱ्या खड्याची अंगठी असलेला त्याचा हात बोलताना नेहमी वर असायचा. त्याने निरोप धाडला, "साखरपुड्याला भाचीच्या बोटात हिरा दिसला पाहिजे. चार माणसं जमणार आहेत. तिला बाप नाही म्हणून कोणी कमी लेखलेलं मला चालायचं नाही."

हिरा घेण्याइतके पैसे शिष्यापाशी नव्हते. मग एका सकाळी त्याने ती पेटी आणून गुरूसमोर ठेवली.

"बाबा, ही देऊन टाकतो. वरच्या आळीतल्या एका सराफाला अवजारं हवी आहेत. बदल्यात खडा देतो म्हणतो."

"आणि मग काम कशानं करशील?"

"तुमच्या अवजारांनी."

"माझी तर माझ्याइतकीच म्हातारी झालीत." वृद्धाने पेटीवरून हात फिरवला. शिष्याला वाटले, आता बोलणी बसणार. पण गुरू शांतपणे म्हणाला, "बरं, द्यायची तर दे. पण आधी मुलीच्या बोटाचं माप तर घेऊ. बोलाव त्यांना."

ठरल्या दिवशी मामा, कावेरी आणि तिची आई असे तिघे आले. आई दाराशी टेकून बसली. मामाने गादीवर बैठक मारली आणि म्हणाला, "कावेरी, हात दे गं."

कावेरीने हात पुढे केला. वृद्धाने तो क्षणभर न्याहाळला आणि अलगद मागे सारला.

"हा हात उपयोगाचा नाही," तो म्हणाला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मामा उसळला, "म्हणजे? काय कमी आहे आमच्या मुलीच्या हातात?"

"कमी काहीच नाही, शेटजी. फार निवांत आहे, एवढंच. मुली, आज आमच्याकडे पुरणाचा नैवेद्य आहे. आमची म्हातारी आत एकटीच कणीक तिंबते आहे. जा, तिला हातभार लाव. आणि जाताना ही घालून जा." असे म्हणून त्याने उंच बैठकीच्या काचेच्या खड्याची, नमुन्यासाठी ठेवलेली एक पितळी अंगठी तिच्या बोटात घातली.

"आम्ही माप द्यायला आलो आहोत, पोळ्या करायला नाही!" मामा म्हणाला.

कावेरी मात्र पदर खोचून उठली. शिष्याकडे बोट दाखवत म्हणाली, "जाते की. पण आजोबा, अंगठी यांनाही घालायची आहे ना? मग यांना का बसवून ठेवलंय? यांनाही एक द्या, आणि लावा कामाला."

म्हातारा खळखळून हसला. "घाल रे बाबा. आतापासूनच आज्ञा सुरू झाल्या." शिष्याने लाजत तसलीच दुसरी अंगठी घातली आणि हातोडी उचलून ऐरणीपाशी बसला.

थोड्या वेळाने आतून आजीचा आवाज आला, "अगं, काढ ती आधी! खडा निखळून कणकेत गेला तर देवाला काय काच खायला घालायची?"

कावेरी बाहेर आली तेव्हा मनगटापर्यंत हात कणकेने माखले होते. बोटात अंगठी नव्हती.

"कुठं आहे?" वृद्धाने विचारले.

"काढून फळीवर ठेवली. कणीक सगळी त्या खड्याखाली जाऊन बसली. आणि बोटाला अशी रुतत होती!" मग ती जीभ चावून म्हणाली, "आणि तिथंच विसरून आले बघा."

शिष्याची अंगठी बोटातच होती, पण खडा तडकला होता आणि बोट सुजले होते.

वृद्धाने कावेरीचा तो लाल झालेला, पिठाळ हात हातात घेतला. "हां, हा हात उपयोगाचा," असे म्हणून त्याने बोटाभोवती दोरा गुंडाळला आणि गाठ मारली.

"हा काय पोरखेळ आहे?" मामाने विचारले. शिष्यालाही काही उमजले नव्हते. तेव्हा वृद्ध बोलू लागला.

"शेटजी, निवांत हाताच्या मापाची अंगठी कामाच्या हाताला आवळते. मग बाई ती काढते. आज फळीवर ठेवते, उद्या डब्यात, परवा कपाटात. आणि कपाटातला दागिना कोणाची आठवण करून देणार? माणसाला सोनं सापडण्याच्या आधीपासून त्याला दागिन्याची हौस आहे. त्यानं शंख कापून बांगड्या केल्या, माती भाजून मणी केले. अंगठीही कामाचीच होती. राजाच्या अंगठीवर मुद्रा असे, कारण हुकमावर ठसा उठवायचा असे. तिरंदाज अंगठ्यात कडं घाली, कारण धनुष्याच्या दोरीनं कातडं सोलून निघे. आणि साखरपुड्याचं म्हणाल, तर पूर्वी कागदाच्या पुडीत साखर, एक नारळ आणि दोन्हीकडचा शब्द, एवढ्यावर लग्नं ठरत. अंगठी त्यात मागाहून आली. हिरा तर परवापरवा आला, जाहिराती वाचून."

त्याने देवघरातून दर्भाची एक काडी आणली, थरथरत्या बोटांनी तिला पीळ देऊन एक वळे केले आणि मामासमोर धरले. "तुमच्या घरी मोठं धर्मकार्य असतं, तेव्हा गुरुजी याच बोटात काय घालतात?"

"दर्भाचं पवित्रक," मामा पुटपुटला.

"बोटात हिरा असला तरी?"

"हो. असला तरी."

"कारण त्या घटकेला देवाशी बोलायचं असतं, शेटजी. देवाला दाखवायचं काही नसतं." मग तो शिष्याकडे वळला. "पोरा, या गवतासारखी कर. पेटीत आईची कुडी आहे, तिचं सोनं पुरेल. तार ओढायची जंत्री आहे, वडिलांची हातोडी आहे. पीळ घाल, चपटी कर आणि अशी घास, की कणकेला धरायला जागा राहू नये. नाहीतर मग ती पेटी दे त्या सराफाला आणि आण खडा."

"कसली पेटी?" कावेरीने विचारले. शिष्याने मान खाली घातली. वृद्धाने सगळे सांगितले.

कावेरी पेटीकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मला गवतासारखीच हवी. आणि आमच्याकडून यांना चांदीची जाईल. तीही बिनखड्याची."

"जावयाला चांदी?" मामा ओरडला.

पाहुण्यांपुढे शिष्य पहिल्यांदाच बोलला, "ऐरणीशी झिजणारच ती, मामा. झिजली की चांदीत मला पुन्हा करता येईल."

मामा उठला. त्याचा आवाज आता चढा नव्हता, दुखावलेला होता. "माझ्या दारचं कार्य मी असं गवतावर करायचं? लोक म्हणतील, बहिणीच्या पोरीसाठी हात आखडता घेतला. तुम्हाला हेच करायचं असेल तर साखरपुड्याला मी बसणार नाही. मुलीकडून शब्द कोण देतं ते तुम्हीच बघा."

आई घाबरून म्हणाली, "कावेरी, ऐक मामाचं. बाळा, ऐक." मुलीकडून शब्द देणारे माणूसच नसेल तर लग्न मोडायला वेळ लागत नाही, हे त्या माउलीला ठाऊक होते.

कावेरीने कणकेच्याच हातांनी मामाला वाकून नमस्कार केला. पण उठून उभी राहिली ती ताठ. "मामा, तुमच्या घरचं अन्न मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही बसलात तर बाबाच बसले असं समजेन. नाही बसलात, तर आई बसेल. पण यांच्या वडिलांची अवजारं विकून आलेला खडा मी बोटात घालणार नाही. माझं बोट आहे, मामा."

मामा पायऱ्या उतरून गेला.

साखरपुड्याच्या दिवशी अंगठ्यांचे तबक बायकांतून फिरले. गवताच्या पिळासारखी पिवळी, नितळ अंगठी उचलून एक दूरची मावशी म्हणाली, "बघू, बघू. अगंबाई, यातला खडा पडला की काय?"

"पडायला मुळात होता कुठं, मावशी?" कावेरी म्हणाली. "मी हिच्यासकट कणीक मळणार आहे आणि भांडीही घासणार आहे. तुम्ही तुमची न काढता एक कढई घासून दाखवा बरं!"

बायका हसल्या. मावशीही हसली, पण तिने हात पदराखाली घेतला.

मुलीकडचा पाट मात्र रिकामाच होता. गुरुजींनी दोनदा दाराकडे पाहिले आणि विचारले, "मुलीकडून कोण बसणार?"

आई सर्वांच्या मागे, भिंतीशी बसली होती. कावेरी उठली, माणसांमधून वाट काढत गेली आणि आईचा हात धरून तिला पाटापाशी घेऊन आली. कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मोठ्यानेच म्हणाले, "अहो, पण त्या विधवा..."

"मला नको, कावेरी," आई पुटपुटली. "अपशकुन होईल तुला."

"तू मला वाढवलंस तेव्हा झाला का अपशकुन? बस आई."

गुरुजी घुटमळले. "तसा प्रघात नाही..."

वृद्ध सोनार वरपक्षाच्या बाजूला बसला होता. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, आज द्यायचा आहे तो शब्द. या मुलीसाठी या माउलीपेक्षा खरा शब्द आणायचा कुठून?"

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. मग दर्भाची काडी घेतली, पीळ दिला आणि ते पवित्रक आईच्या बोटात घातले. त्या बोटात वर्षानुवर्षे काही गेले नव्हते. ती पाटावर सरळ बसली.

त्याच वेळी मामा दारात येऊन उभा होता. हातात साखरेचा पुडा होता. घरी राहणे त्याला जमले नव्हते, आणि आत येणेही जमत नव्हते. बहिणीच्या बोटातले गवत त्याने पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. मग आपल्या बोटातली टपोऱ्या खड्याची अंगठी तो ओढू लागला. ती सहज निघेना. पीळ देऊन, ओढून त्याने ती कशीबशी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. बोटावर लालभडक वळ उठला होता.

तो आत आला, बहिणीशेजारी जमिनीवरच बसला आणि गुरुजींपुढे बोट धरून म्हणाला, "मलाही घाला."

आईने शब्द दिला. मामाने साखर दिली.

चांदीच्या अंगठीचा हात मांडीवर ठेवून शिष्य गुरूकडे पाहत राहिला. कणकेच्या त्या सकाळी गुरूने कोणाकोणाचे माप घेतले होते, ते आता त्याच्या ध्यानात आले.

दृष्टांत संपला तेव्हा मंदाकिनीबाई आपल्या बोटातली अंगठी उगाच फिरवत बसल्या होत्या. पुढच्या आषाढात त्यांनी होऊन मला विचारले, "तो तुमचा नेम मला झेपेल का हो?"

तुम्हालाही झेपेल. म्हणून पदर पसरून मागते. घरात अंगठी करायची झाली तर मुलाला आणि मुलीला कामाच्या हातांनी माप द्यायला न्या. घरात कोणाची एकटी आई भिंतीशी बसली असेल, तर तिला हात धरून पाटावर आणा. लोक बोलतील, बोलू द्या. आणि पुढच्या वेळी साखरपुड्याला जाल, तेव्हा निदान एका चातुर्मासापुरता माझा नेम धरा. मुलीचा हात ओढू नका. आधी तिच्या तोंडाकडे पाहा.