'काही नाही' नावाची जागा

तुम्ही विचारता, उत्तर टिपून घेता, आणि ऐकत मात्र नाही.

एकदा एक वृद्ध चित्रकार दूरच्या थंड देशातून कोकणकिनारी येऊन राहिला होता. गलबतांसाठी किनाऱ्याचे नकाशे काढणे हे त्याचे काम. मोजमापांसाठी त्याने एक तरुण शिष्य हाताशी घेतला होता. खाडीच्या मुखाचा नकाशा पुरा होत आला होता. तो पाहूनच पहिली आगबोट आत येणार होती, आणि त्या बोटीने शिष्याची आई येणार होती.

एका जागी मात्र मोजमापाची होडी जाईना. पाणी शांत, उन्हात चकाकणारे. तरीही होडीच्या तांडेलाने सुकाणू फिरवून भलामोठा वळसा घेतला. वल्ही मारणाऱ्यांचे बोलणे आपोआप थांबले.

"तिथे काय आहे?" शिष्याने विचारले.

"काही नाही," तांडेल दुसरीकडे पाहत म्हणाला.

शिष्याने ती जागा कोरी सोडली.

घरी आल्यावर वृद्धाने त्या कोऱ्या जागी फुली काढली आणि शेजारी वळणदार अक्षरांत लिहिले : काही नाही.

शिष्याला हसू आवरेना. "साहेब, इतकी वर्षं इथं काढलीत, पण मराठी काही तुम्हाला वश झाली नाही. हे काय गावाचं नाव आहे?" फुली खोडा, नाहीतर आपले हसे होईल, असेही त्याने बजावले. वृद्धाने फुली तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, तांडेलाची पुष्कळ मनधरणी करून, त्याने होडी तिथे नेली. शिष्याने शिसे बांधलेली दोरी सोडली. ती सुटते न सुटते तोच खाली ठक्क वाजले. हातभर पाण्याखाली काळा खडक पसरला होता. त्याच्या फटींत कुजक्या दोरांची टोके अडकली होती आणि कुणी खुणेने बोलवावे तशी हळूहळू हलत होती. शिष्याच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली.

वृद्ध म्हणाला, "माझ्या गावीही असा खडक होता. माझे वडील तिथेच गेले. आई त्याला 'कुणी नाही' म्हणायची. ज्यानं घर गिळलं, त्याचं नाव कोण घेईल? तू तांडेलाचा शब्द ऐकलास, वळसा ऐकला नाहीस. रिकाम्या पाण्याला कुणी वळसा घालतं का?"

शिष्याने नकाशा मांडीवर उलगडला, फुली गडद केली आणि शेजारी लिहिलेले नाव वाचायला तोंड उघडले. तांडेलाने झटकन त्याचे मनगट धरले.

"लिहिलंत ते बरं केलंत, दादा. पण इथं मोठ्यानं वाचू नका. त्याला ऐकू जातं."