किटूची उडी अडली

एक होता नाकतोडा. एवढासा. नाव किटू. त्याची उडी हरवली.

पाय मोडला, उडी गेली. आईने त्याला बोरीखालच्या दवाखान्यात आणलं. तिथे कुणी कुणाला खात नाही. आई कुंपणाबाहेर, किटू आत. दोऱ्याने टांगलेली पानाची खाट. पायाला पट्टी.

आज पाय बरा झाला. दुखत नाही, ठणकत नाही. बरा म्हणजे बरा. मग ठेवता कशाला?

शेजारची गोम घरी गेली. पलीकडचा बेडूक गेला. त्याला न्यायला तर सगळं घर आलं होतं. त्यांच्या खाटाही काढल्या. उरली एकटी किटूची खाट. बोलायला कुणी नाही.

कुंपणापलीकडून आईने हाक मारली. किर्र.

"किटू, गवत वाळलं. दिवस बुडाला की सगळे ओढ्यापलीकडे जाणार. लवकर ये रे."

किटू खाटेवरून उतरला. खुरड खुरड, खुरड खुरड, गेला बगळी सिस्टरकडे.

"सिस्टर, सिस्टर, पट्टी सोडा.
पाय झाला बरा, मला जायचं घरा."

सिस्टर म्हणाली, "सोडते की. पण आधी डॉक्टर हो म्हणू देत."

खुरड खुरड, खुरड खुरड. घुबड डॉक्टर झोपले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"डॉक्टर, डॉक्टर, हो म्हणा.
सिस्टर पट्टी सोडेना.
पाय झाला बरा, मला जायचं घरा."

डॉक्टर म्हणाले, "म्हणतो की. पण आधी औषध हातात येऊ दे."

डोळा मिटला.

खुरड खुरड, खुरड खुरड. खारकाकू औषध कुटत होती.

"काकू, काकू, औषध दे.
सिस्टर पट्टी सोडेना,
डॉक्टर हो म्हणेना.
पाय झाला बरा, मला जायचं घरा."

काकू म्हणाली, "देते की. पण आधी पुडी आण. औषध काय तुझ्या मिशीला बांधू?"

खुरड खुरड, खुरड खुरड. शिंपीमामा पानाच्या पुड्या शिवतो. त्याची चोच हीच सुई.

"मामा, मामा, पुडी शिव.
सिस्टर पट्टी सोडेना,
डॉक्टर हो म्हणेना,
काकू औषध देईना.
पाय झाला बरा, मला जायचं घरा."

मामा म्हणाला, "शिवतो की. पण आधी दोरा आण."

ऊन उतरलं. सावल्या लांब झाल्या. कुणी किटूला जरा बस म्हणालं नाही. ज्याचं काम त्याला. किटू एकटाच.

खुरड खुरड, खुरड खुरड. कोळीणमावशी जाळ्यात लटकली होती.

"मावशी, मावशी, दोरा दे.
सिस्टर पट्टी सोडेना,
डॉक्टर हो म्हणेना,
काकू औषध देईना,
मामा पुडी शिवेना.
पाय झाला बरा, मला जायचं घरा."

मावशी म्हणाली, "देते की. पण होता तो दोरा संपला. आहे तेवढा त्या खाटेला बांधलाय. आधी तो पेशंट घरी जाऊ दे. खाट रिकामी झाली की दोरा सोडते."



कुंपणापलीकडून आईची हाक आली. किर्र. मग पुन्हा. जरा बारीक.

किटूने विचारलं, "कुठला पेशंट, मावशी?"

"आहे एक नाकतोडा. सकाळपासून अडून बसलाय."

"तो मीच."

मावशीने आठही डोळे खाटेकडे वळवले. खाट रिकामी. मग आठही डोळे किटूकडे.

"खाट कधीची रिकामी आहे, मावशी. बघितलं कुणी?"

मावशीने सर्र सर्र दोरा सोडला.

मावशीने दोरा दिला, मामाने पुडी शिवली. टच टच.
मामाने पुडी शिवली, काकूने औषध भरलं. भुर भुर.
काकूने औषध भरलं, डॉक्टर हो म्हणाले. डोळे मिटूनच.
डॉक्टर हो म्हणाले, सिस्टरने पट्टी सोडली. फर्र.

आणि उडी?

टुणुक.

पुडी पाठीवर, किटू कुंपणाबाहेर. टुणुक टुणुक.

दिवस बुडाला होता. गवतात कुणी नाही. काका नाहीत, चुलतभाऊ नाहीत. नुसता वारा. सळ सळ.

किटूने हाक मारली. किर्र.

कुणी बोललं नाही.

किटूने आणखी मोठ्याने हाक मारली. किर्र.

वाळक्या काडीमागून आवाज आला. किर्र.

आई. एकटीच बसली होती.

"सगळे गेले?"

"गेले. मी कशी जाईन?"

आईने मिशीने त्याचा पाय चाचपला. बरा म्हणजे बरा.

मग पुढे आई, मागे किटू. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, ओढ्यापलीकडे.

खाट सुटली, पट्टी सुटली, आपली गोष्टही सुटली.