भागीची बुडती होडी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवरच रुसून बसला. गुरू म्हणजे खाडीकाठच्या गावोगाव कथा सांगत फिरणारे एक वृद्ध कथेकरी. कित्येक वर्षं त्यांची सेवा करूनही शिष्याला स्वतंत्रपणे कथेला उभं राहण्याची परवानगी मिळत नव्हती.

"माझ्या कथेत उणं काय आहे?" त्याने विचारलं.

"मलाही तेच पाहायचं आहे," गुरू म्हणाले. "माझ्यादेखत तू भागीची कथा ज्या गावात सांगितलीस, तिथेच पुन्हा जाऊ."

भागी ही शिष्याने रचलेल्या कथेतली नायिका. आईबापांविना वाढलेली, एका पायाने अधू. चुलत्याने तिच्या बापाची होडी बळकावली. पण तत्क्षणी देवी प्रसन्न झाली, नवी कोरी होडी दारात आली आणि भागी होड्यांच्या शर्यतीत पहिली आली. शिष्याचा तिच्यावर भारी जीव होता. गावात मात्र ती कोणाला आठवेना. "कोण रे बाबा? राजाची मुलगी का?" एका म्हातारीने विचारलं. शिष्याचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी गुरूंनी तीच कथा सांगायला घेतली, पण देवीला बोलावलंच नाही. भागीने वाहून आलेल्या फळ्या गोळा करून स्वतःच होडी बांधली, ती बुडाली. चुलता काठावर उभा राहून हसला. तिने होडी ओढून काढली, पुन्हा बांधली. ती पुन्हा बुडाली. कंबरभर पाण्यात भागी होडीची कड घट्ट धरून उभी आहे, इथवर कथा आली आणि गुरूंनी हात जोडले. "आज इथेच थांबू," असं म्हणून घोंगडी उचलून ते चालूही लागले.

शिष्य चक्रावला. इतक्या मुरलेल्या कथेकऱ्याने नायिकेला असं पाण्यात सोडून जावं?

सकाळी ते उतरले होते त्या देवळाच्या पडवीत माणसं येऊ लागली. होड्या बांधणारा सुतार तावातावाने म्हणाला, "बुवा, फटींत काथ्या ठोकल्याबिगर पाणी थांबायचं नाही. तिला सांगणारं कोणीच नाही का हो?" एका कोळणीने चुलत्याचा असा काही उद्धार केला की गुरूंना हसू आवरेना. कालची म्हातारीही आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पोर उपाशी असेल की रे."

सगळे गेल्यावर शिष्याने विचारलं, "माझी भागी जिंकूनही कोणाच्या लक्षात राहिली नाही. तुमची बुडते आहे, तर गावाला घास गोड लागेना. असं का?"

"तू तिच्यावर इतकी माया केलीस की इतरांच्या मायेला जागाच उरली नाही," गुरू म्हणाले. "संकट आलं रे आलं की तू देवी धाडलीस. मग ऐकणाऱ्याने करायचं काय? आपल्याला कोणी हात दिला ते माणूस विसरतो. आपण ज्याला हात दिला त्याला सहसा विसरत नाही. पण नुसतं बुडूनही भागत नाही हां. रडत बसलेलीची कीव येते, आणि कीव दोन दिवसांत ओसरते. भागीने कड सोडलेली नाही, म्हणून लोक मनोमन पाण्यात उतरले."

कादंबरी वाचता वाचता नायिकेला मनातल्या मनात सल्ले देणाऱ्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

"मग आज पुढे काय होतं?" शिष्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? आज तू सांगायचीस. एकट्याने."

संध्याकाळी शिष्य उभा राहिला. देवीचा प्रसंग ओठांवर आला होता. त्याने तो गिळला, आणि गिळताना त्याला फार वाईट वाटलं. भागीने पुन्हा फळ्या जुळवल्या, काथ्या ठोकला. सुतार ताठ बसला. तरीही थोडं पाणी झिरपतच होतं. थोडं वल्हवावं, थोडं करवंटीने उपसावं, असं करत भागी पैलतीराला लागली. शर्यतीत सर्वांत शेवटी.

कथा संपली तरी कोणी उठेना. अखेर कोळणीने विचारलं, "बुवा, ती आता कुठल्या गावात असते?"

शिष्याने गोंधळून गुरूंकडे पाहिलं. गुरू डोळे पुसत होते.

"मला नको विचारूस," ते हळूच म्हणाले. "आणि आता ती तुझीही राहिलेली नाही."